चार खांदे जातील एवढी वाट

नोकरीच्या चौथ्या दिवशी मला एका बाजेवर निजवून चौघांनी खांद्यावर घेतलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. अंगात होता तो एकच चांगला शर्ट होता आणि पौडच्या कचेरीत कारकून म्हणून लागल्याचा अभिमान अजून उतरला नव्हता. भाऊसाहेब म्हणाले, "पदवीधर, निजा." मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचं चिन्ह नव्हतं. तसं ते कधीच नसायचं.

भाऊसाहेब आमच्या कचेरीतले अव्वल कारकून. त्यांचं काम सांगायचं तर आधी एक नियम सांगावा लागेल. सत्तर सालानंतर आमच्या तालुक्यात गावोगाव गावठाणाबाहेर नवे प्लॉट पाडले जात होते. त्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याने दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट जागा मोकळी सोडावी असा नियम होता. प्लॉटच मुळात तीस फूट रुंदीचे. दहा आणि दहा सोडले की घराला उरायचे दहा. तेवढ्यात माणूस झोपेल, पण चूल कुठे मांडेल आणि सून कुठे नांदेल? म्हणून लोक अर्ज करायचे, अंतर कमी सोडायची सूट मिळावी. मग कचेरीतला माणूस जागेवर जायचा, शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचा आणि आपला अभिप्राय लिहायचा. साहेब त्या अभिप्रायाखाली सही करायचे. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलत. अभिप्राय मात्र वर्षानुवर्षं भाऊसाहेबांचाच.

दहा फुटांचे किती करायचे, हे नियमात कुठेच नव्हतं. 'परिस्थिती पाहून' एवढंच होतं. भाऊसाहेबांनी परिस्थितीचं एक माप ठरवून टाकलं होतं. तिरडी, आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक खांदा. एवढं सरळ, न अडकता गेलं पाहिजे. त्याच्या खाली एक बोटही सूट नाही.

तर त्या दिवशी ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या एका गावात दोन सुतळ्या ताणून बांधल्या होत्या. अलीकडची सुतळी म्हणजे होऊ घातलेली भिंत, पलीकडची म्हणजे शेजाऱ्याची हद्द. मधे चार फूट. घरमालक म्हणत होता, चार फूट रग्गड झाले, बैलसुद्धा जातो. भाऊसाहेब म्हणाले, "बैल चालत जातो." मग त्यांनी मला निजवलं.

चौघांनी बाज उचलली. मी आभाळाकडे बघत होतो आणि मला हसू आवरेना. पुढचा गडी ओरडला, "भाऊसाहेब, मढं हसतंय!"

"हसू दे. खरं हसत नाही, म्हणून आत्ताच बघून घ्यायचं. चला."

चार पावलं गेलो आणि डावीकडच्याचा खांदा सुतळीला अडकला. सुतळी ताणली, खुंटी उपटली, बाज कलली, मी घसरलो. सगळे हसले. तेवढ्यात एक म्हातारी काठी आपटत आली. "मेल्यांनो, जित्या पोराला असं उचलत्यात व्हय? कुणाचा हाय रं ह्यो?" तिने मला खाली उतरवलं, घरातून मीठमोहऱ्या आणून माझ्यावरून उतरवल्या, आणि हळूच विचारलं, "आई हाय का तुला?"

"हाय."

"मंग तिला सांगू नगं."

भाऊसाहेब तोवर एका दगडावर बसून लिहीत होते. पेन्सिल त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीला दोऱ्याने बांधलेली असायची. लिहिलं होतं, 'चार फूट अपुरे. पाच फुटांपर्यंत सूट देण्यास हरकत नाही.' घरमालक कुरकुरला. भाऊसाहेब उठले, छत्री उघडली (ते उन्हाळ्यातही छत्री वापरत) आणि म्हणाले, "घर बांधणाऱ्याला आत यायचं दार आठवतं. बाहेर जायची वाट मला आठवावी लागते."

रोज बाज आणि चार माणसं मिळत नाहीत, म्हणून त्यांनी पाच फुटांचा एक बांबू तोडून ठेवला होता. तोच हातात काठीसारखा धरून ते तालुकाभर फिरत. गावात शिरले की पोरं ओरडत, "काठीवाले भाऊसाहेब आले." बांबू आडवा धरायचा आणि बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. कुठे टेकला नाही की झालं. मातीची भिंत असेल तर बांबूच्या पुढे आणखी एक वीत मोकळी लागे. ती वीत ताटीची. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर मातीच्या भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधतात, नाहीतर भिंत विरघळते. शहरातून आलेला माणूस उन्हाळ्यात मोजून जातो आणि ही वीत विसरतो. भाऊसाहेब पुण्यातले असून विसरत नसत.

नव्या घरात ते कधी आधी पुढच्या दाराने शिरत नसत. घराला एक फेरी मारत, मग मागच्या बाजूला उभे राहून हाक देत, "बाई, पाणी." पुरुषांशी मोजमापाचं बोलत, पण खरी चौकशी बायकांकडे. चूल कुठे, सांडपाणी कुणाच्या दारात जातं, आजारी माणूस कुठल्या खोलीत झोपतो. कुणाच्याही घरचं पाणी पीत, कुणाच्याही घरची भाकरी खात. घर चांगलं झालंय असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. वास्तुशांतीची आमंत्रणं यायची, जात नसत. मयताला मात्र न बोलावता जात. लोकांना आधी विचित्र वाटे, मग सवय झाली. मयताच्या घरी ते एका बाजूला उभे राहत, तिरडी बोळातून बाहेर पडली की छत्री मिटून चालू लागत. स्मशानापर्यंत जात नसत. त्यांचं काम तिथे संपायचं.

एवढं सगळं कशामुळे, याच्या कचेरीत तीन गोष्टी होत्या. शिपाई सांगायचा, त्यांची बायको पेठेतल्या वाड्यात बाळंतपणात गेली आणि जिन्यातून काढता येईना. दुसरा कारकून सांगायचा, बायको नव्हे, वडील. तिसऱ्याचं म्हणणं, काही नाही, माणूसच अशुभ आहे. मी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिले.

"काही नाही रे. मोजायला लागलो तेव्हा कशाने तरी मोजायचं होतं. साहेब म्हणाले, परिस्थिती पाहून. मी पाहिली. सगळ्यांची सारखी अशी एवढी एकच परिस्थिती सापडली."

मला अजूनही ते उत्तर खरं वाटतं.

त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी कोळवण खोऱ्यातल्या एका गावातला, बौद्धवाडीतला. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. पौडला नोकरी लागली तेव्हा राहायला खोली बघत होतो. खोली रिकामी असायची. नाव, गाव सांगितलं की भरलेली निघायची. आठ दिवस मी एस.टी.च्या थांब्यामागच्या ओसरीवर झोपलो. भाऊसाहेबांना कळलं. त्यांनी काही भाषण केलं नाही. संध्याकाळी माझी वळकटी उचलली, आपल्या भाड्याच्या खोलीवर नेली आणि मालकाला म्हणाले, "हे माझ्याबरोबर राहणार. तुम्हाला अडचण असेल तर दोघांची असू द्या." मी त्यांच्या खोलीत अडीच वर्षं राहिलो. रोज संध्याकाळी ते माझी दिवसभरातली टिपणं तपासत. 'सदरहू' शब्द एका पानात दुसऱ्यांदा आला की खोडत. "पदवीधर, कागद ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवला तर कळला पाहिजे," असं म्हणत. मला आज ज्या काही चार ओळी लिहिता येतात त्या कॉलेजने शिकवलेल्या नाहीत.

आमच्या गावाला नवे प्लॉट पडले तेव्हा आम्हालाही एक मिळाला. आईने मजुरी करून मला शिकवलं होतं; आता तिला मातीचंच का होईना, पण स्वतःच्या जागेवर दोन खोल्यांचं आणि वेगळ्या चुलीचं घर हवं होतं. वेगळी चूल हा तिचा ध्यास होता. जन्मभर तिने एकाच खोलीत धूर आणि अंथरूण एकत्र बघितलं होतं.

आमच्या प्लॉटच्या एका अंगाला रस्ता वळत होता, दुसऱ्या अंगाला शाळेच्या खोलीची दगडी भिंत. मागे धोंडिबातात्या आणि त्यांचा मुलगा गंगाराम यांचं घर. त्यांना रस्त्यावर यायला आमची भिंत आणि शाळेची भिंत यांच्यामधला बोळ हीच वाट. उन्हाळ्यात ते मागच्या भातखाचरातूनही येत-जात. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल आणि पलीकडे ओढा.

चुलीची खोली धरून घर आखलं तर बोळ साडेचार फुटांचा होत होता. मी अर्ज केला. भाऊसाहेब चैत्रात बघायला आले. आईने सकाळपासून ती सुतळीने आखलेली जागा सारवून ठेवली होती. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, पण जिथे चूल येणार तिथे तिने तीन दगड मांडून ठेवले होते आणि त्यावर भाऊसाहेबांसाठी चहा केला. भाऊसाहेब उकिडवे बसून चहा प्यायले. मग धोंडिबातात्यांचा जबाब घेतला.

"हरकत आहे का?"

"माजी कसली हरकत? पोरगं शिकलं, घर बांधतंय. बांधू द्या की."

"वाट अरुंद होईल, तात्या."

"व्हऊ द्या. मी काय आज मरतोय?" तात्या हसले. आई हसली. मीही हसलो.

भाऊसाहेब बांबू घेऊन बोळात शिरले. मी मागे होतो. चुलीच्या कोपऱ्याशी बांबूचं टोक सुतळीला टेकलं. ते थांबले. त्यांनी तीन दगडांकडे बघितलं. मग बांबूचं दुसरं टोक दीड हात मागे घेतलं. तिरका धरलेला बांबू अलगद पुढे सरकला. ते न थांबता दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. ताटीची वीत त्यांनी मोजलीच नाही.

हे फक्त मी पाहिलं. आणि मी काही बोललो नाही.

घर झालं. पुढच्या वर्षी आषाढात सलग पंधरा दिवस पाऊस लागला होता. सगळ्यांसारख्या आम्हीही भिंतीला ताट्या बांधल्या होत्या, त्यांना बाहेरून बांबूचे आधार. त्या पावसात धोंडिबातात्या गेले. तापाने, तीन दिवसांत.

मी गावी होतो. भाऊसाहेब दुपारच्या एस.टी.ने आले, नेहमीसारखे एका बाजूला, शाळेच्या भिंतीला टेकून छत्रीखाली उभे राहिले. वंदना झाली, चौघांनी तात्यांना उचललं. मागे ओढ्याचा आवाज येत होता. बोळात शिरताच पुढच्या दोघांचे खांदे अडकले, एकाचा दगडाला, एकाचा ताटीच्या बांबूला. मागे घेतलं, पुन्हा रेटलं. ताटी फाटली.

"खांदं काडा. हातावर घ्या, एकामागं एक."

"आरं, कलतंय! धर, धर."

"जरा आडवा करा तात्याला."

शेवटी त्यांना कुशीवर कलवून, पुढे एकाने आणि मागे एकाने, पोत्यासारखं बाहेर काढलं. पांढऱ्या कापडाला चुलीच्या कोपऱ्याची ओली माती लागली. गंगाराम पुढे मडकं धरून उभा होता.  मागून कुणीतरी म्हातारा मोठ्याने म्हणाला, "ही काठीवाल्या भाऊसाहेबानं मापल्याली वाट हाय व्हय?"

भाऊसाहेबांनी छत्री मिटली आणि पावसात तसेच चालत निघाले. एस.टी.ला दोन तास होते.

सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. मी तेव्हा आवक बघत होतो. कचेरीत येणारा प्रत्येक कागद माझ्या रजिस्टरात नोंदला जाई, त्यावर नंबर पडे आणि मग तो साहेबांकडे आत जाई. कागद त्यांच्या अक्षरातला होता. 'सदर प्लॉटबाबत मी दिलेला अभिप्राय चुकीचा आहे. मोजताना बांबू सरळ धरला नव्हता. दिलेली सूट रद्द करून, ताटी धरून पाच फूट वाट मोकळी करून घ्यावी. चूक माझी आहे, अर्जदाराची नाही.'

"नंबर टाक आणि आत पाठव," ते म्हणाले.

चूल पाडावी लागणार होती. आईला त्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं.

"टाकतो," मी म्हणालो, आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

तो कागद त्यांना थेट साहेबांच्या हातात देता आला असता. पण आवकेतून न गेलेला कागद त्यांच्या लेखी कागदच नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी येत, माझ्या टेबलाशी क्षणभर थांबत, रजिस्टरचं उघडं पान बघत आणि आपल्या जागेवर जात. आम्ही अजून एकाच खोलीत राहत होतो. जेवायला समोरासमोर बसत होतो. त्या ड्रॉवरबद्दल एक अक्षर नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. त्या दिवसापासून सूट मागणाऱ्या प्रत्येक अर्जावर ते एकच अभिप्राय लिहू लागले, 'नियमाप्रमाणे दहा फूट सोडावे.' जागेवर जाईनात. बांबू कपाटामागे उभा राहिला. मी म्हणालो, "भाऊसाहेब, लोकांची घरं अडतायत."

"अडतायत खरी."

"पाच फुटांची सूट तर तुम्हीच—"

"घरच्या माणसाला काठी तिरकी आणि बाहेरच्याला सरळ? तसं मापता येत नाही मला. ती एक सूट परत घेतली गेली की दुसऱ्यांना देईन. तोपर्यंत नियम आहे." मग म्हणाले, "नियम काही वाईट नाही. त्यात कुणाचा खांदा अडकत नाही. घरही होत नाही, एवढंच."

लोक त्यांना शिव्या देऊ लागले. जे त्यांना भाकरी वाढत होते तेच. म्हातारा सटकला, म्हणत. त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही. कारण माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

त्या भाद्रपदात हिराबाई आमच्या घरी आली. पलीकडच्या वाडीतली धनगरीण. पंधरा-वीस मेंढरं, दोन पोरं, आणि प्लॉटवर बांधून ठेवलेलं नुसतं जोतं. भिंती उभ्या करायला परवानगी मिळत नव्हती. आईने तिला चुलीच्या खोलीत बसवून चहा दिला.

"तुमचा ल्योक कचेरीत हाय म्हनून आले," ती म्हणाली. "आवं, दहा फूट सोडलं तर मला ऱ्हातंय काय? मेंढरांत निजतोय आमी. अंगाचा वास जात न्हाई पोरांच्या, साळंत बशीनात त्यास्नी." मग तिने खोलीभर नजर फिरवली. "तुमचं बरं झालं बाई. चुलीपुरती जागा गावली."

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कायदा कडक झालाय."

हिराबाईने पुढचा पावसाळा तिथे काढला नाही. मेंढरं विकली आणि पोरांना घेऊन पुण्याकडे कुठल्याशा बांधकामावर गेली, दुसऱ्यांच्या भिंती उचलायला.

भाऊसाहेब पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपाला नारळ दिला, शाल दिली. त्यांना बोला म्हटलं तर उठले आणि म्हणाले, "माझ्याकडे काही प्रलंबित नाही." माझ्याकडे बघितलं नाही. त्यांची ट्रंक मी एस.टी.वर चढवली. बांबू त्यांनी नेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे. तुला लागेल."

त्यांच्या जागी आलेले गृहस्थ जीपमधून उतरत नसत. त्यांच्या टेबलावरच सगळ्यांना सूट मिळू लागली. पाच फूट, तीन फूट, कुणाला दोन. लोक खूश झाले. एका वर्षात गावोगावचे बोळ बुजले. एकदा त्यांच्याबरोबर मी जीपमधून जात असता हिराबाईचं जोतं दिसलं. त्यावर गवत वाढलं होतं, कडेला मेंढरं कोंडायच्या कुंपणाचे खुंट तसेच होते. गृहस्थ म्हणाले, "हे कुणाचं? अर्ज केला तर आज देतो परवानगी."

त्या रविवारी मी आईला सगळं सांगितलं. तिरका बांबू, ड्रॉवर, हिराबाई. बाजेवर निजलो होतो तेही, का कोण जाणे, सांगून टाकलं. ती ऐकत भाकऱ्या थापत राहिली. शेवटची भाकरी भाजून झाली, तिने चुलीवर पाणी शिंपडलं.

"दोन वरसं मी या चुलीवर रांधती," ती म्हणाली. "तात्याची माती हितंच लागली व्हती कापडाला. मला वाटलं, नशीब. तू व्हतास व्हय त्यो."

मग ती उठली आणि एकेक भांडं बाहेर अंगणात नेऊन ठेवू लागली. मी म्हणालो, आई, थांब, गवंड्याला विचारू. ती थांबली नाही. डबे, परात, पाटा. सगळं बाहेर गेल्यावर तिने मागच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "गंगाराम, तुजी पहार हाय का रं?"

गंगाराम पहार घेऊन आला. काय, कशाला, विचारलं नाही. पहिला घाव त्याने घातला, दुसरा मी. भिंत मागे आल्यावर त्या चिंचोळ्या खोलीत चूल मावेना; आईची चूल पुन्हा अंथरुणाच्या खोलीत गेली आणि मरेपर्यंत तिथेच राहिली.

भिंत मागे घेऊन ताटी बांधून झाल्यावर मी तो बांबू बोळातून आडवा नेला. कुठे टेकला नाही. मग भाऊसाहेबांना सांगायला पुण्याला गेलो.

ते पुतण्याकडे, पेठेतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. जिना लाकडी, अंधारा, दोन ठिकाणी काटकोनात वळलेला. वर जाताना माझे दोन्ही खांदे भिंतींना घासले. ते खाटेवर पडून होते, अगदी वाळले होते. पेन्सिल मात्र गुंडीला होती.

"काय पदवीधर."

"भाऊसाहेब, भिंत मागे घेतली."

"किती?"

"साडेपाच."

"ताटी धरून?"

"ताटी धरून पाच. बांबू सरळ धरला होता."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "आणि कागद?"

मी खिशातून काढून दिला. घडीवर घडी पडून तो फाटायला आला होता. त्यांनी तो नीट वाचला, जणू दुसऱ्याने लिहिलाय. "यात एक 'सदर' आहे, काढायला हवा होता," म्हणाले. "नंबर टाक. जुनी तारीख टाकू नकोस. ज्या दिवशी आवकेत येईल त्या दिवसाची."

"भाऊसाहेब, हिराबाईचं—"

"ते परत येत नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी निघालो तेव्हा त्यांनी हाक मारली. "जिना बघितलास ना?"

मी मान हलवली.

"पुतण्याला सांगून ठेवलंय. खुर्ची. खुर्चीत बसवून उतरवायचं, दोघांनी. सगळी नोकरी खुर्चीत बसूनच झाली की. लोकांना आडवं न्यायची काळजी केली, आपल्याला बसून जायचंय." तेव्हा ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते एवढंच.

सोमवारी मी कागद आवकेत घेतला, नंबर टाकला, आत नेला. साहेबांनी दोनदा वाचला. "आता माप बरोबर आहे ना?"

"हो."

"मग हे कशाला?"

"चूक होती, साहेब."

त्यांनी खांदे उडवले आणि लिहिलं, 'दप्तरी दाखल.'

दहा-बारा दिवसांनी कचेरीच्या टपालात माझ्या नावाचं एक कार्ड आलं. पुतण्याचं होतं. काका गेले, खुर्चीतून खाली आणले, त्रास झाला नाही, तुम्हाला कळव म्हणाले होते.

खासगी पत्राला आवकेत नंबर पडत नाही. मी टाकला.